सॅक हलकी, तर वाट सोपी!

परभणीहून पोखर्णीच्या नृसिंहाला पायी जायचा प्लॅन आहे? मस्त! पण आधी सॅक अर्धी रिकामी करा. शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड करत याच भागातून जाते. महिनाभर चालणाऱ्या वारकऱ्याच्या खांद्यावर जेमतेम एक पिशवी. आणि आपण एका दिवसासाठी दोन जीन्स कोंबतो!

वजन : पाण्यासकट ५-६ किलो पुरे. जड वस्तू पाठीला चिकटून ठेवा. कमरेचा पट्टा आधी आवळा, मग खांद्याचे.

पाय : नवे बूट नकोतच. टाच चुरचुरायला लागली की फोड येण्याआधीच चिकटपट्टी लावा. पावसात शेतातला शॉर्टकट टाळा. इथली काळी माती बुटाला किलोकिलोनं चिकटते.

पाणी : इथे काटकसर नाही. माणशी ३ लिटर आणि ओआरएसची पाकिटं मस्ट. उन्हात कुणी असंबद्ध बोलायला लागलं, तर सावलीत घ्या, अंग ओलं करा आणि थेट दवाखाना गाठा.

परतीला? पोखर्णी नृसिंह स्टेशन परभणी-परळी मार्गावरच आहे. गाडीची वेळ तेवढी आधी बघून ठेवा!