प्रेमकादंबरी : एका साध्या वाचकाचे मत

चिखलोलीहून कॉलेजला येताना माझ्या पिशवीत क्रमिक पुस्तकांखाली एखादी प्रेमकादंबरी असतेच. ती लपवावी का लागते?

प्रेमकथेवर आक्षेप दोन : ती चावट असते आणि खोटी असते. पहिला आक्षेप न्यायालयापर्यंत गेला. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली. उच्च न्यायालयाने ती अश्लील ठरविली. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण कथा विचारात घेऊन लेखकाची निर्दोष मुक्तता केली.

दुसरा आक्षेप मात्र मला पटतो. मी वाचलेल्या आजच्या पुष्कळ कादंबऱ्यांत नायकाला घरभाड्याची चिंता नसते, नायिकेला स्वतःचे मत नसते. याउलट १९३४ सालीच विभावरी शिरूरकरांनी ‘हिंदोळ्यावर’मध्ये नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीने पुन्हा प्रेम करावे की नाही, हा प्रश्न धीटपणे मांडला. तिथे प्रेमाची किंमत मोजलेली दिसते.

सारांश, भ्यायचे ते चावटपणाला नव्हे, खोटेपणाला. प्रेमाविषयी आमच्या घरांत कोणी बोलत नाही. ते आम्ही पुस्तकांतूनच शिकतो. म्हणून ती पुस्तके खरी असावीत आणि पिशवीत वर ठेवता यावीत, एवढेच मागणे.