उस्तादांचा पगार कुठून येतो?

मदरशातल्या शिक्षकाच्या समाधानाचा विषय निघाला की बोलणं श्रद्धेपाशी येऊन थांबतं. दीनची खिदमत करणाऱ्याला पैशाचं काय, असा सूर असतो. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपुरात तो पटकन पटतो. ‘कन्झुल उम्माल’ हा हदीसचा प्रचंड संग्रह करणारे अली मुत्तकी जन्मले याच गावात. पण मदरसा चालतो चंद्यावर, आणि रमजानात जमणाऱ्या चंद्यात मोठा भाग जकातीचा. हनफी फिकहनुसार (इस्लामी धर्मशास्त्रानुसार) जकात गरजूच्या मालकीची व्हावी लागते, ती पगारात घालता येत नाही. म्हणजे गरीब मुलांच्या जेवणाची सोय होते आणि शिकवणारा ऐच्छिक देणगीवर राहतो. पॉवरलूमच्या गावात मंदी आली की हात आखडणार तो इथेच. जकात फर्ज (बंधनकारक) आहे, इमदाद म्हणजे ऐच्छिक देणगी तशी नाही. तेव्हा पगार किती, यापेक्षा तो दर महिन्याला हातात पडेल का, हा प्रश्न उस्तादाला जास्त छळत असणार.

खिदमतीचा मोबदला मागावाच कशाला, या आक्षेपाला उत्तर खुद्द फिकहमध्येच आहे. जुने हनफी इमाम कुरआन शिकवण्याची उजरत (मोबदला) नाजायज मानत. पुढच्या फकिहांनी ती जायज ठरवली, कारण बैतुलमालचे (सरकारी खजिन्याचे) वजीफे थांबले होते आणि शिक्षक पोटामागे गेले तर शिकवणंच बंद पडलं असतं. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गने 1959 मध्ये वेगळ्या वाटेने असंच काहीसं मांडलं: पगाराने कामाची गोडी लागत नाही, पण त्याची आबाळ झाली की नाराजी हमखास येते.

मग सरकारने मानधन दिलं की झालं? गणित-विज्ञान शिकवणाऱ्यांना केंद्राच्या योजनेत पदवीधर असल्यास 6,000, पदव्युत्तर किंवा बी.एड. असल्यास 12,000 रुपये ठरले होते. ती योजना 2021-22 नंतर पुढे चालली नाही. सीमेपलीकडे महाराष्ट्राने ऑक्टोबर 2024 मध्ये डी.एड. शिक्षकांचं मानधन 6,000 वरून 16,000 आणि बी.एड.वाल्यांचं 8,000 वरून 18,000 केलं. वाढ चांगलीच आहे, पण ती शालेय विषयांपुरती. शेजारच्या खोलीत हिफ्ज (कुरआनचं पाठांतर) घेणारा हाफिज त्यात बसत नाही; त्याचा पगार अजून पावतीपुस्तकावरच.