जुन्या पिकअपला नवा रंग : खर्च कधी वसूल होतो?

जळगाव आणि धुळे यांना जोडणाऱ्या सुमारे ९० किलोमीटरच्या महामार्गावर पाळधी, एरंडोल, पारोळा या गावांतून दिवसभर लहान मालवाहू गाड्यांची ये-जा सुरू असते. रावेर-यावल पट्ट्यातील केळी, हंगामातला कापूस, बाजार समितीतला भाजीपाला, पेरणीपूर्वीची खते-बियाणे, शहरातील मंडपाचे साहित्य आणि पाण्याचे जार असा सारा माल याच गाड्यांच्या हौद्यातून फिरतो. २००५ मध्ये टाटा एस बाजारात आली आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने घरोघरी परिचित झाली. महिंद्रा आणि टाटा यांच्या पिकअप त्याआधीपासूनच रस्त्यावर होत्या, तर २०११ मध्ये अशोक लेलँडची ‘दोस्त’ त्यांत सामील झाली. त्या काळात घेतलेल्या गाड्यांपैकी ज्या आजही चालत आहेत, त्यांचे इंजिन दुरुस्त करून घेतलेले असते. पण रंग उडालेला आणि पत्रा जागोजागी गंजलेला असतो.

दसरा-दिवाळी जवळ आली की अशा गाडीच्या मालकापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. गाडी पूर्ण रंगवून घ्यावी की तोच पैसा अन्यत्र लावावा? एका गाडीवर संपूर्ण कुटुंब चालत असेल तर ही रक्कम लहान नसते. याचे उत्तर गाडीच्या चकाकीत शोधू नये, पत्र्यात शोधावे. रंग पत्रा वाचवत असेल तर तो खर्च सार्थकी लागतो. गंजलेला पत्रा केवळ झाकला जात असेल, तर पैसा एक-दोन पावसाळ्यांतच वाया जातो.

रंगाचे खरे काम

लोखंडाला पाणी आणि प्राणवायू एकाच वेळी मिळाले की गंज चढतो. मीठ किंवा क्षार असतील तर ही क्रिया अधिक वेगाने होते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो रंगाखाली वाढू लागला की रंगाला फुगे येतात, मग पापुद्रे सुटतात. फुगा दिसतो तेव्हा आतील काम बरेच आधी सुरू झालेले असते.

कारखान्यात गाडीचा सांगाडा प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर पहिला थर बसवितात. हा थर दारांच्या आत आणि बंद पोकळ्यांतही पोहोचतो. त्यानंतर तो दीडशे अंशांच्या आसपास भाजला जातो. पूर्ण जोडलेल्या गाडीत रबर, प्लॅस्टिक आणि वायरी असल्याने गॅरेजमध्ये एवढी उष्णता देणे शक्य नसते. फवाऱ्याने मारलेला रंग बंद पोकळीत शिरतही नाही. म्हणूनच कारखान्यातला मूळ थर जिथे शाबूत आहे, तिथे तो खरवडून काढण्यात शहाणपणा नाही.

ऊन, चीक आणि खत

खान्देशातील हवामान रंगाची कठोर परीक्षा घेते. जळगाव-भुसावळ परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो. उन्हातील अतिनील किरणांमुळे रंगातील बांधून ठेवणारा घटक झिजतो आणि पृष्ठभागावर पांढरट भुकटी सुटते. बॉनेट आणि टपाचा भाग आधी निस्तेज होतो तो यामुळेच. मात्र ही झीज बहुधा वरवरची असते. खाली पत्रा सुस्थितीत असेल तर रबिंग कंपाउंड आणि वॅक्स यांनीही गाडीला बऱ्यापैकी रूप येते आणि पूर्ण रंगाचा खर्च वाचतो.

अधिक गंभीर नुकसान खालच्या बाजूने होते. केळीच्या घडांखाली अंथरलेली ओली पाने हौद्यात ओल धरून ठेवतात. केळीचा चिकट चीक पत्र्यावर काळे डाग पाडतो आणि त्याला धूळ चिकटून बसते. रासायनिक खतांची फुटलेली गोणी याहून वाईट. पोटॅश म्हणून ओळखले जाणारे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराईड हा क्षार. त्याचे कण हौद्याच्या सांध्यात अडकले आणि पहिल्या पावसाचे पाणी त्यांना लागले की गंजाला आयतेच निमंत्रण मिळते. वाळू आणि खडीने हौद्याचा रंग घासला जातो तो वेगळाच. खत उतरविल्यावर हौदा भरपूर पाण्याने धुऊन वाळवणे हा रंगापेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे.

आधी तपासणी, मग रंग

गॅरेजमध्ये दर विचारण्यापूर्वी मालकाने अर्धा तास गाडीखाली घालवावा. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरील कमानी, पायदान, केबिनची जमीन, हौद्याचे कोपरे, फाळक्याच्या बिजागऱ्या आणि चॅसी ही तपासणीची ठिकाणे. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द आवाज करतो किंवा दबतो. दारांच्या खालची पाणी निघून जाण्याची भोके चिखलाने बुजलेली असतील तर ती मोकळी करावीत. अनेक दारे आतून सडतात त्याचे कारण एवढेच असते.

यातून गाडीची अवस्था तीन प्रकारांत मोडते. रंग फिका पण पत्रा साबूत असेल, तर पॉलिश पुरेसे होते. ठराविक जागी गंज असेल, तर तेवढ्याच भागाचे पत्राकाम आणि रंगकाम करावे. चॅसी, केबिनचे आधार किंवा जमीन यांना खोल गंज लागला असेल, तर आधी वेल्डिंग आणि मजबुती पाहावी. अशा गाडीच्या बाह्यरंगावर खर्च करणे धोक्याचे आहे, कारण माल भरून धावणाऱ्या गाडीचा भार चॅसीच पेलत असते.

हिशेब मांडून पाहताना

दर शहरागणिक, गॅरेजगणिक आणि रंगाच्या प्रतीनुसार बदलतात. त्यामुळे पुढील आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, पूर्ण डेंटिंग-पेंटिंगला ४५ हजार रुपये सांगितले. गाडी १० दिवस उभी राहिली आणि रोजची निव्वळ कमाई १,२०० रुपये धरली, तर बुडालेले उत्पन्न १२ हजार होते. म्हणजे खरा खर्च ५७ हजार. रंगामुळे विक्रीची किंमत २५ हजारांनी वाढली असे मानले, तर लगेच विकणाऱ्याला ३२ हजारांचा तोटा होतो.

हीच गाडी आणखी पाच वर्षे वापरायची असेल तर चित्र बदलते. ५७ हजारांचा भार वर्षाला ११,४०० आणि महिन्याला ९५० रुपये पडतो. त्या काळात हौद्याचा पत्रा बदलण्याचे काम टळले, तर तो सहज परवडतो. आता तिसरा पर्याय पाहा. गंजलेल्या भागांचे काम, खालच्या बाजूचे संरक्षक लेपन आणि हौद्याला जाड इनॅमल यांना १५ हजार लागले आणि गाडी तीन दिवस उभी राहिली, तर एकूण खर्च १८,६०० होतो. उरलेल्या ३८,४०० रुपयांत टायर, ब्रेक किंवा क्लचचे काम होऊ शकते. धंद्याची गाडी असेल तर बहुतेक वेळा हाच पर्याय सरस ठरतो. प्रत्येक मालकाने आपले आकडे याच चौकटीत भरून पाहावेत, आणि गाडी उभी राहण्याचा खर्च कधीही विसरू नये.

पूर्ण रंगाच्या बाजूने निर्णय द्यायचा तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. इंजिन आणि चॅसी भरवशाची असावी, गाडी किमान चार-पाच वर्षे ठेवायची असावी आणि रंग सर्वत्र सुटू लागलेला असावा. ज्या व्यवसायात गाडी हीच दुकानाची पाटी असते, उदाहरणार्थ दूध, बेकरी किंवा केटरिंग, तिथे ग्राहकाच्या नजरेचे मोलही हिशेबात धरता येते.

कोणता रंग, कोणता हंगाम

रंग किती टिकणार, हे शेवटच्या थरापेक्षा आधीची तयारीच अधिक ठरवते. गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत काढणे, इपॉक्सी प्रायमर मारणे, मग गरजेपुरती लांबी भरणे आणि घासून सपाट करणे, ही त्याची पद्धत. गंजावरच लांबी थापली तर ती ओल शोषून धरते आणि काही महिन्यांत पुन्हा फुगे येतात. म्हणून दर ठरविताना ‘रंग कोणत्या कंपनीचा’ यासोबत ‘गंज कसा काढणार आणि प्रायमर कोणता’ हेही विचारावे. लांबी भरण्यापूर्वी गाडी एकदा डोळ्यांखालून घालण्याची अट घालावी.

सिंथेटिक इनॅमल स्वस्त असते, पण उन्हात लवकर निस्तेज होते. हार्डनर मिसळून मारला जाणारा दोन घटकांचा पीयू रंग महाग असला तरी ऊन आणि डिझेल यांना अधिक काळ तोंड देतो. केबिनला पीयू आणि रोज घासल्या जाणाऱ्या हौद्याला दरवर्षी हाताने मारता येईल असे इनॅमल, ही विभागणी व्यवहार्य आहे. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याच्या फवाऱ्याने रंगाऱ्याला दम्याचा विकार जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून ते थांबत नाही, योग्य मास्क आणि हवा खेळती असलेली जागा लागते. अशी व्यवस्था असलेल्या गॅरेजचा दर थोडा जास्त असेल, तर तो अवास्तव मानू नये.

पावसाळ्यातील दमट हवेत पत्र्यावर ओल बसते आणि काही रंगांवर पांढरट धूसरपणा येतो. भर उन्हाळ्यात थिनर इतक्या झपाट्याने उडतो की रंग नीट पसरण्याआधीच वाळतो, शिवाय वावटळीची धूळ त्यावर बसते. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतची कोरडी हवा या कामाला उत्तम. मात्र कडाक्याच्या थंडीत रंग वाळायला वेळ लागतो, तेव्हा गाडी घाईने बाहेर काढू नये.

परिवहन कार्यालय आणि विमा

मूळ रंगच पुन्हा द्यायचा असेल तर वेगळ्या परवानगीची गरज नसते. रंग बदलायचा असेल, तर नोंदणी प्रमाणपत्रात त्याची नोंद करून घ्यावी लागते. एमएच-१९ म्हणजे जळगाव आणि एमएच-१८ म्हणजे धुळे, यांपैकी ज्या कार्यालयात गाडी नोंदलेली असेल तिथे हा बदल कळवावा. लष्करी हिरवा रंग खासगी वाहनांना निषिद्ध आहे. रंगकामात झाकले जाणारे परावर्तक पट्टे आणि गाडीवर रंगविलेला क्रमांक पुन्हा नीट लावून घ्यावा. रात्रीच्या महामार्गावर उभ्या पिकअपचा जीव या पट्ट्यांवर अवलंबून असतो.

मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. पंधरा वर्षांवरील गाड्यांसाठीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे. या तपासणीत ब्रेक, दिवे, स्टिअरिंग आणि धूर यांचा कस लागतो. नव्या रंगाने यांतले काहीच सुधारत नाही. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणानुसार, नोंदणीकृत केंद्रात जुनी गाडी दिल्यास मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या वाहनाच्या करात सवलत देण्याची तरतूद आहे. पंधरा वर्षे ओलांडलेल्या गाडीचा मालक रंगाचा विचार करीत असेल, तर त्याने हा पर्यायही तुलनेला घ्यावा.

विम्याबाबत गैरसमज बरेच आहेत. गंज आणि नैसर्गिक झीज यांची भरपाई विमा देत नाही. अपघातानंतरच्या रंगकामातही साहित्याच्या किमतीवर ५० टक्के घसारा कापला जातो. एकत्रित बिल असेल तर त्यातील २५ टक्के रक्कम साहित्याची धरली जाते. म्हणजे १० हजारांच्या एकत्रित बिलात १,२५० रुपये मालकाच्या अंगावर पडतात. साहित्य आणि मजुरी वेगळी दाखविल्यास ही कपात बदलते, म्हणून बिल कसे करून घ्यावे हे आधी विचारून ठेवावे.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी

नुकताच रंगविलेला पिकअप पाहिला की अनुभवी ग्राहक खूश होण्याऐवजी सावध होतो. कापडात गुंडाळलेले साधे चुंबक पत्र्यावर फिरवावे. जिथे पकड ढिली होते, तिथे खाली जाड लांबी असण्याची शक्यता असते. दारांचे रबर उचलून आतील रंग पाहावा, बोल्टवर रंगाचे शिंतोडे आहेत का ते बघावे आणि हौद्यातील रबरी मॅट उचलून खालचा पत्रा तपासावा. विकणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे. रंगकाम करताना गंज काढल्याची आणि प्रायमर मारल्याची छायाचित्रे व बिले जपून ठेवली, तर ग्राहकाचा संशय दूर होतो आणि खर्चातला काही भाग किमतीत परत मिळतो.