स्वरतंतूंच्या कंपनांचे परीक्षण : स्ट्रोबोस्कोपी

तासन्‌तास अध्यापन करणाऱ्यांत आवाज बसण्याची तक्रार सर्रास आढळते आणि बहुधा गुळण्यांवरच भागविली जाते. वस्तुतः चार आठवड्यांत आवाज न सुधारल्यास स्वरयंत्राची तपासणी आवश्यक ठरते.

बोलताना पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला साधारणतः १०० ते १५०, तर स्त्रियांचे सुमारे २०० वेळा कंप पावतात. १८५४ मध्ये गायनशिक्षक मॅन्युएल गार्सिया यांनी आरशाच्या साहाय्याने स्वतःचे स्वरयंत्र पाहिले. परंतु इतकी जलद कंपने नुसत्या डोळ्यांना पुसटच दिसतात. स्ट्रोबोस्कोपीत तोंडावाटे वा नाकावाटे दुर्बीण घालून रुग्णास ‘ई’ हा स्वर लांबवावयास सांगतात. प्रकाशाची उघडझाप कंपनसंख्येहून किंचित वेगळ्या गतीने होते; त्यामुळे दर झोतात निरनिराळ्या आवर्तनांतील थोडा पुढचा क्षण उजळतो व कंपन संथ भासते. हा भासच निदानाचा आधार होय. स्वरतंतू पूर्ण मिटतात काय, दोहोंची हालचाल सारखी आहे काय, हे त्यात कळते. पण खरे महत्त्व तंतूंच्या आवरणावरून सरकणाऱ्या लाटेला आहे. साध्या दुर्बिणीतून निर्दोष वाटलेल्या तंतूवर ही लाट एखाद्या जागी अडली, तर तेथे जुन्या जखमेचा वण, क्वचित प्रारंभिक कर्करोगही असू शकतो. निश्चिती मात्र ऊतकपरीक्षेनेच होते.

आवाज फारच घोगरा असेल, तर कंपने अनियमित होऊन झोतांचा मेळ बसत नाही. अशा वेळी सेकंदाला हजारो चित्रे टिपणारा कॅमेरा वापरावा लागतो.