दोन बंडलांपासून पुण्यापर्यंत

१६ जून २०२५. कोलकात्यात खिदिरपूरचा ऑरफनगंज बाजार मध्यरात्रीनंतर पेटला आणि सुमारे १,३०० दुकानं खाक झाली. मुख्यमंत्री ममता बॅनर्जी त्याच दिवशी तिथे पोचल्या. पूर्ण जळालेल्या दुकानाला एक लाख, अर्धवट जळालेल्याला पन्नास हजार. बाजार तात्पुरता जवळच हलवायचा, जुन्या जागी सरकार नवा बांधून देणार. धंदा हलवायला सरकारचा हातभार म्हणतात, त्याची ही सगळ्यात खालची पायरी.

एक लाख म्हणजे किती? पाचशेच्या नोटांची दोन बंडलं. कोरं, दाबून बांधलेलं बंडल एक सेंटिमीटर जाड धरू. म्हणजे दोन सेंटिमीटर, शर्टाच्या खिशात मावले! तेलाचा डबा अडीच हजारांना धरला तर आले चाळीस डबे. दुकानाची एक भिंतसुद्धा धड भरणार नाही. वजनकाटा, फळ्या, शटर, उधारीची वही यांचा हिशेब वेगळाच.

सगळ्या १,३०० जणांना पुरता लाख दिला असं समजू. तेरा कोटी! बंडलं एकावर एक रचा, २६ मीटर उंच. दुष्काळी भागातली पंच्याऐंशी फुटी विहीर तळापासून काठापर्यंत नोटांनी भरली. काठावर उभं राहून डोकावलं तर छाती दडपेल. पण हे काहीच नाही हो.

हुगळी जिल्ह्यातल्या सिंगूरला चला. २००८ मध्ये टाटांच्या नॅनो मोटारीचा कारखाना तिथून उठला आणि गुजरातेत साणंदला गेला. ३० ऑक्टोबर २०२३ ला लवादाने निवाडा दिला: पश्चिम बंगालच्या औद्योगिक विकास महामंडळाने टाटा मोटर्सला भरपाई म्हणून ७६५.७८ कोटी द्यावेत. रचा बंडलं. दीड किलोमीटर! तोरणा खाली राहिला, कळसूबाईच्या शिखराला शंभरेक मीटर कमी. वर १ सप्टेंबर २०१६ पासून ११ टक्के व्याज. वर्षाचे ८४ कोटी, दिवसाचे २३ लाख. रोज सूर्य उगवला की खिदिरपूरची तेवीस दुकानं! छप्पन्न-सत्तावन्न दिवसांच्या व्याजात अख्खा बाजार.

आणि साणंदला काय मिळालं? २,९०० कोटींच्या प्रकल्पाला कर्जाची कमाल मर्यादा गुंतवणुकीच्या ३३० टक्के, म्हणजे ९,५७० कोटी. व्याज ०.१ टक्का. (माझ्या बँकेने शून्यानंतरचं टिंब कधी दाखवलं नाही.) सगळं कर्ज उचललं असतं तर मनोरा १९ किलोमीटर, दोन एव्हरेस्ट एकावर एक ठेवून वर सिंहगड. आणि वर्षाचं व्याज? साडेनऊ कोटी. खिदिरपूरच्या जळक्या दुकानांच्या तेरा कोटींपेक्षाही कमी!

मराठी वाचकाने मात्र बंगालची कीव करायची घाई करू नये. केंद्राचं वाहतूक समानीकरणाचं धोरण १९५२ ते १९९३ चाललं. पोलाद कारखान्याच्या दारात घ्या की दोन हजार किलोमीटर लांब मुंबईत, भाव एकच. मधली दहा मुंबई-पुणे अंतरं कागदावर पुसून टाकली, तीही चाळीस वर्षं. बंगालच्या उशाशी पोलाद होतं, त्याचा फायदा आपल्याकडच्या कारखान्यांनीही खाल्ला. खुद्द बंगालने तर २०२५ मध्ये कायदा करून उद्योगांना दिलेल्या सवलती थेट १९९३ पासून मागे घेतल्या. देताना किलोमीटर पुसायचे, काढून घेताना वर्षं!

पुन्हा साणंद. मायक्रॉनचा चिप प्रकल्प २२,५१६ कोटींचा. निम्मे केंद्र देणार, वीस टक्के गुजरात. सरकारी वाटा जवळपास १५,७६१ कोटी. आता मनोरा आडवा करावा लागतो, कारण वर बघून मान दुखते. सीएसएमटीपासून बंडलं रुळाशेजारी मांडत चला: दादर, कुर्ला, घाटकोपर, भांडुप... थेट मुलुंड! थेट नोकऱ्या ५,०००. एका नोकरीमागे तीन कोटी पंधरा लाखांच्या आसपास. एका खुर्चीत खिदिरपूरची ३१५ दुकानं! चार खुर्च्या मांडल्या की बाजार जवळपास संपला. आजूबाजूच्या १५,००० नोकऱ्या मोजल्या तरी नोकरीमागे अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी लाख. चिपशिवाय देश चालणार नाही, असं जाणकार सांगतात. मान्य. मी फक्त बंडलं मोजतोय.

आणि आता धरा श्वास. केंद्राची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना, चौदा क्षेत्रं, १.९७ लाख कोटी. बंडलांची रांग ३९४ किलोमीटर! मुंबईहून निघा, कर्जत ओलांडा, खंडाळ्याचा घाट चढा, लोणावळा, पुणे. तिथे चहा घ्या आणि रांग तशीच मांडत परत सीएसएमटीला या. तरीही हातात थोडी उरतातच.

यात खिदिरपूर कुठे? डेक्कन क्वीन सुटते, फलाटावर सोडायला आलेला माणूस हात हलवतो. त्याच्यासमोरून गाडीचा एक डबा सरकला, दुसऱ्याचं दार येतंय न येतंय, तेवढ्यात सगळी १,३०० दुकानं निघून गेलेली असतात.