सातशे सेहेचाळीस मतांचा हिशोब

पुणे जिल्ह्यातले पाटस ज्या दौंड विधानसभा मतदारसंघात येते, तिथे २०१९ साली भाजपचे राहुल कुल यांना १,०३,६६४ मते पडली आणि राष्ट्रवादीचे रमेश थोरात यांना १,०२,९१८. फरक ७४६. विजेत्याचे अवघे ३७४ मतदार पलीकडे वळले असते, तर आमदार बदलला असता.

अशी लढत पक्षाची लाट ठरवते, हा पहिला गैरसमज. दौंडनेच तो खोडून काढला आहे. २००९ मध्ये थोरात अपक्ष उभे राहिले आणि राष्ट्रवादीच्या कुलांना हरवून निवडून आले. २०१४ मध्ये कुल राष्ट्रीय समाज पक्षाकडून (रासप) जिंकले, तेव्हा थोरात राष्ट्रवादीत होते. चिन्हे बदलली, माणसे तीच राहिली. कुलांचा संबंध पाटसच्या भीमा साखर कारखान्याशी, थोरातांचा जिल्हा बँकेशी. ऊस आणि पीककर्ज घराघरात पोचलेल्या तालुक्यात माणूस पाहून मत पडणारच. नावडता उमेदवार लादला, तर पक्षाचे हक्काचे मतही घरी बसते.

दुसरा समज असा की विजयाला निम्म्याहून जास्त मते लागतात. तशी अटच नाही. ज्याला सर्वाधिक, तो विजयी. सोलापुरात २०१९ च्या लोकसभेला जयसिद्धेश्वर स्वामी ५,२४,९८५ मतांवर जिंकले. सुशीलकुमार शिंदे (३,६६,३७७) आणि प्रकाश आंबेडकर (१,७०,००७) यांची बेरीज त्याहून जास्त होती.

म्हणून ‘आंबेडकरांनी शिंदेंना पाडले’ असे सर्रास म्हटले जाते. हा हिशोब कच्चा आहे. शिंदे १,५८,६०८ मतांनी हरले. ती तूट भरायला आंबेडकरांची शंभरातली त्र्याण्णवहून जास्त मते शिंदेंकडेच यायला हवी होती, आणि उरलेल्यांपैकी एकही स्वामींकडे जायला नको होते. मतदार कुणाच्या दावणीला बांधलेला नसतो. त्याच वर्षी नांदेडचे गणित मात्र वेगळे होते: अशोक चव्हाण ४०,१४८ मतांनी पडले आणि आंबेडकरांच्याच वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला १,६६,१९६ मते मिळाली. तिथे चौथा हिस्सा वळला असता तरी पुरे होते. मतविभाजनाचा दोष द्यायचा, तर आधी हा भागाकार करावा.

राहिला ‘नोटा’, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय. तो जिंकला तर निवडणूक रद्द होते, असे अनेकांना वाटते. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये २०२४ साली रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले, नोटाला पंधरा हजारांवर मते होती; तरीही निकालावर त्यांचा काडीचा परिणाम झाला नाही. नोटाला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घेण्याचा आदेश राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये काढला, पण तो स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता. विधानसभा-लोकसभेत नोटाच्या खालोखाल जो उमेदवार असेल, तोच निवडून येतो.