लेकरांच्या हातालाही काम हवं

सकाळचा स्वयंपाक उरकला असेल, धुणं अजून बादलीतच असेल आणि एखादं लेकरू पदर धरून उभं असेल. असू द्या. त्याला जवळ घ्या आणि ऐका, आजचं बोलणं त्याच्याविषयीच आहे.

गटात नवी बाई आली की आम्ही तिचं नाव लिहितो आणि व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारतो. लहान लेकरं असलेल्या बहुतेक जणी म्हणतात, "काही नाही, घरीच असते." मागच्या पावसाळ्यात आम्ही अशा एकीला तिथंच थांबवलं. म्हटलं, काल पहाटेपासून काय काय केलंस ते सांग बरं. ती सांगत गेली, आम्ही लिहीत गेलो. सडा, पाणी भरणं, चहा, थोरलीची वेणी, तिचा डबा, शेळीला पाला, धाकट्यानं पिठाचा डबा उपडा केला तो भरणं, सासूबाईंची गोळी, भांडी, धुणं, पुन्हा पाणी. रात्रीच्या भांड्यांपर्यंत येता येता वहीचं पान भरलं. आणि या सगळ्यात एक डोळा सतत पोरावर होता, हे तिनं सांगितलंच नाही. ते तिला कामच वाटत नव्हतं.

आता एक गोष्ट ऐका. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद केली होती की, कामावर आलेल्या बायांची सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील तर त्यातल्या एका बाईनं ती सांभाळायची आणि तिलाही मजुरी मिळायची. म्हणजे तेच काम कामाच्या जागेवर केलं तर हजेरी लागते आणि घरी केलं तर "काही नाही". देशात २०१९ साली, कोण दिवसाचा वेळ कशात घालवतं याची सरकारी पाहणी झाली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे पाच तास वेळ जात होता. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. लेकरांना आणि म्हाताऱ्यांना सांभाळण्याचा वेळ याच्या वेगळा धरला होता.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं बोलणं मोबाइलचं आहे आणि आम्हाला कोणा आईला दोष द्यायचा नाही. दोष द्यायचाच तर पहिला आमचा. बैठकीत हप्ते मोजताना पोरं गोंधळ घालायची, म्हणून आम्ही आमचाच फोन काढून त्यांच्या हातात देत होतो. पोरं चिडीचूप, हिशोब बिनचूक. आम्हाला वाटायचं, काय सोय झाली!

त्या पोरांत एक अडीच वर्षांचा मुलगा होता. वडील ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. घरी आई आणि तो, तिसरं माणूस नाही. आई चुलीपाशी गेली की तो फोन बघायचा, जेवताना फोन, झोपताना फोन. बोलायचा मोजून चार शब्द. अंगणवाडीच्या ताईंच्या ते लक्षात आलं. शाळा-अंगणवाड्यांतून मुलांची तपासणी करणारं आरोग्य पथक आलं तेव्हा त्यांनी त्याला दाखवलं. पथकानं जिल्ह्याला पाठवून आधी कान तपासायला सांगितले. हे ध्यानात ठेवा, लेकरू उशिरा बोलत असेल तर "बापही उशिराच बोलला होता" म्हणून बसू नका, पहिल्यांदा कान तपासून घ्या. त्याचे कान नीट निघाले. मोबाइलमुळेच असं झालं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. त्यांनी आईला एवढंच विचारलं, दिवसभरात याच्याशी कोण बोलतं?

ती परत आली ती रडतच. म्हणाली, "तेल तापलेलं असतं आणि हा पायात येतो. फोन देऊ नको तर काय देऊ?" आम्ही गप्प. आमच्याकडं उत्तर नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगून ठेवलंय की, दोन वर्षांच्या आत मोबाइल-टीव्ही नकोच आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाच्या वर नको. सांगणं बरोबर आहे. पण फोन काढून घेतला की रिकाम्या झालेल्या हातात काय द्यायचं, हा आईचा प्रश्न तसाच राहतो.

उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये समुद्राकाठच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढं ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. महागडी साधनं खेड्यात कुठून आणणार? त्यांनी शिंपले, बिया, पानं, माती अशी भोवतालची वस्तूच खेळायला घेतली. लेकरं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. १९७५ मध्ये सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि पुढं अंगणवाडी गावोगाव पोचली. पण तिथला खेळ आणि शिकणं तीन वर्षांपुढच्यांसाठी. त्याआधीचं लेकरू आपल्याच पायात असतं. तेव्हा कोसबाडची युक्ती आपल्या ओट्यावर करायची.

भांडी घासायला बसलात की शेजारी परातीत दोन तांबे पाणी घाला. एक पेला, एक वाटी, एक चहाची गाळणी द्या. यातलं त्यात ओतणं, गाळणीत पाणी का राहत नाही ते बघणं, यात दोन वर्षांचं लेकरू रमतं. अंग भिजेल. भिजू द्या, कपडे वाळतात. भांडी झाली की परात उपडी करायला मात्र विसरू नका. भाकरी थापताना पिठाचा छोटा गोळा द्या, पण चुलीपासून चार हात लांब बसवून. वाळलेले कपडे त्याच्यापुढं टाका आणि बाबाचा कुठला, ताईचा कुठला म्हणून विचारा. चार-पाच वर्षांच्या पोरापुढं मूठभर तूर नि हरभरा मिसळून ठेवा, वेगळं करू द्या, तुम्ही समोर बसून तुमचं धान्य निवडा. त्याहून लहानाला दाणे देऊ नका, नाकात नाहीतर घशात जातात. पोळा जवळ आला की ओली माती आणून बैल करायला बसवा. आमच्या एका गटातल्या पोरानं सात पायांचा बैल केला होता. का, तर म्हणे तो लवकर पळेल!

खोटं कशाला बोला, सुरुवातीला याने काम वाढतं. लेकरानं निवडलेली मेथी पुन्हा निवडावी लागते. एका खेळात ते पाच-दहा मिनिटांच्या वर टिकत नाही, मग दुसरं काढून द्यावं लागतं. पण यात एक गोष्ट फोनहून वेगळी होते. हात चालत असताना आपलं तोंडही चालतं. "सांड हळू, आता भर, किती झाले?" त्या डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर यातच होतं. ट्रकवाल्यांच्या घरी हे सुरू झालं आणि दसऱ्याच्या सुमारास तो पोरगा परातीपाशी म्हणाला, "आई, पाणी सांडलं." तीन शब्द. तिनं ते धावत येऊन आम्हाला सांगितलं.

आणि दरवेळी काहीतरी काढून द्यायलाच पाहिजे असंही नाही. पाच-सहा वर्षांचं पोर "कंटाळा आला" म्हणत भुणभुण करत असेल तर थोडं करू द्या. थोड्या वेळानं ते स्वतःच काठीचा घोडा करतं.

दोन गोष्टींत मात्र आम्ही कडक आहोत. पोरीला भाजी निवडायला आणि पोराला मोबाइल, अशी वाटणी आमच्या गटात चालत नाही. आणि थोरल्या पोरीच्या कडेवर धाकटं देऊन तिची शाळा बुडवायची, याला लेकरांना गुंतवणं म्हणत नाहीत.

लेकरू खेळात रमलं की आपला डोळा हटतो, म्हणून घर एकदा त्याच्या उंचीवर बसून बघा. पाण्याच्या पिंपाला झाकण आहे का? लहान लेकरू वीतभर पाण्यातही बुडतं. फवारणीचं औषध किंवा रॉकेल थंड पेयाच्या बाटलीत तर ठेवलेलं नाही ना? चुकून पोटात गेलंच तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका, बाटलीसकट तडक दवाखाना गाठा.

आता बैठकीचं. एकटीनं सगळं होत नाही, म्हणून आम्ही पाळी लावली. बैठकीत दोघींनी ओसरीवर लेकरांपाशी बसायचं, बाकीच्यांनी आत हिशोब करायचा. पहिल्या महिन्यात ही पाळी पार मोडली. पाळीवाल्या बाईची गैरहजेरी पडली, तिला दंड लागला, ती चिडली. बरोबरच चिडली. ज्या कामाला आम्ही मजुरी हवी म्हणत होतो, त्याची हजेरी आम्हीच लावत नव्हतो. आता ओसरीवरची बाई हजर धरतो आणि त्या दिवशीचे ठराव तिला आधी वाचून दाखवतो, मगच सही घेतो. हे बघून एका गल्लीतल्या तिघींनी दुपारच्या एका तासाचीही पाळी धरली आहे. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं असलं काही." खरंय, पण त्यांच्या वेळी घरात दोन जावा, एक नणंद आणि आजेसासू होती. आम्ही तसं म्हटल्यावर त्या हसल्या आणि आता त्याच त्या तासाला ओट्यावर सागरगोटे घेऊन बसतात.

तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना चिंचोक्यांचे, खापरीचे, दोऱ्याचे कुठले खेळ येतात ते विचारून आम्हाला लिहून पाठवा. येतात तसे वाचून दाखवू. आज बैठकीत ओसरीची पाळी आमची आहे, पोरं वाट बघत असतील. येतो.